तिचं दूध तोडू नका

बाळंतिणीच्या खोलीत ओव्या-शोपांचा वास कोंदलेला असतो. तिसरा दिवस. पान्हा फुटलेला, चोळी भिजलेली. ओसरीवर सासूबाई सहाणेवर बाळघुटी उगाळत बसलेल्या. आत्याबाई मधाची बाटली घेऊन आलेल्या. आणि कोपऱ्यातल्या पिशवीत, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला दुधाच्या भुकटीचा डबा. तो कशासाठी आणला, हे घरात फक्त दोघांना ठाऊक असतं, तिला आणि तिच्या नवऱ्याला. दवाखान्यात कुणीतरी दबक्या आवाजात सांगितलेलं असतं, "अंगावर पाजू नकोस हं, तुझ्या दुधातून जाईल त्याला."

पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. "अगं, दूध येतंय ना तुला? मग पाजत का नाहीस?" सासूबाई विचारतात, शेजारीण विचारते, बारशाला आलेली प्रत्येक बाई विचारते. ती काय सांगणार? डबा विसाव्या दिवशी तळाला जातो, मग भुकटी कमी आणि पाणी जास्त व्हायला लागतं. रात्री बाळ रडून रडून लाल होतं आणि घरातली माणसं उठून बसतात. तेव्हा ती त्याला पदराखाली घेते. दिवसा बाटली, रात्री अंगावर, अधूनमधून घुटी आणि मधाचं बोट. एचआयव्हीच्या विषाणूला त्या कोवळ्या पोटात शिरायला याहून सोपी वाट कुणी ठरवूनही करून दिली नसती.

ही वाट तिनं एकटीनं केलेली नाही, आपण सगळ्यांनी मिळून केली आहे. म्हणून हे लिहितो आहे, आणि मोठ्या आवाजात लिहितो आहे.

आधी खरं ते सरळ सांगतो. एचआयव्ही आईच्या दुधातून बाळाला जाऊ शकतो. आईनं आणि बाळानं कोणतंच औषध घेतलं नाही, तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावरचं दूध या तिन्ही टप्प्यांत मिळून शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. त्यात दुधाचा वाटा ५ ते २० बाळांचा. हे आकडे खोटे नाहीत आणि लपवायचेही नाहीत. पण हे औषध न घेतलेल्या आईचे आकडे आहेत, आणि ती अट सांगायला लोक विसरतात. आकडा तोंडोतोंडी होतो, अट मागे राहते.

१९९०च्या दशकात, औषधं गरीब देशांच्या आवाक्याबाहेर होती तेव्हा, एकच इलाज दिसत होता, दूधच तोडायचं. केनियात नैरोबीला ४२५ मातांवर मोठा अभ्यास झाला. निम्म्या बाळांना अंगावरचं दूध, निम्म्यांना डब्याचं. दोन वर्षांनी अंगावर पिणाऱ्या बाळांत लागण ३६.७ टक्के निघाली आणि डब्याच्या बाळांत २०.५ टक्के. इथवर ऐकलं की डबा जिंकला असं वाटतं. पण त्याच दोन वर्षांत बाळं दगावली किती? अंगावर पिणारी २४.४ टक्के, डब्याची २० टक्के. एवढी लागण टळूनही मृत्यूंत तितका फरक पडला नाही, विषाणूपासून वाचलेलं बाळ जगेलच असं नव्हतं. शिवाय या साऱ्या माता नळाचं पाणी मिळणाऱ्या होत्या. ज्यांच्या दारात नळच नाही त्यांचं काय, याचं उत्तर लवकरच दुसऱ्या देशानं दिलं, आणि त्याची किंमत फार मोठी होती.

तो देश बोट्स्वाना. हिऱ्यांच्या खाणींचा, आफ्रिकेत तुलनेनं सुस्थितीतला, आणि एचआयव्हीनं होरपळलेला. तिथल्या सरकारनं मनापासून काम केलं. गरोदर बायांची तपासणी केली, औषधं दिली, आणि एचआयव्ही असलेल्या मातांच्या बाळांना वर्षभर फुकट भुकटीचे डबे दिले. ज्या गोष्टीची आपण मागणी करतो, ती तिथं प्रत्यक्षात आली होती. २००५च्या अखेरीस पाऊस सुरू झाला आणि थांबेना. पूर आले, पिण्याच्या पाण्यात जंतू उतरले. २००६च्या पहिल्या काही महिन्यांत हजारो लेकरं जुलाबानं दवाखान्यात आली आणि ५००हून अधिक दगावली. तपासाला बाहेरून तज्ज्ञ आले. पाणी, शौचालयं, घरं, सगळं पाहून त्यांनी निष्कर्ष काढला की, कोणतं बाळ जुलाबानं आजारी पडेल आणि कोणतं वाचेल, हे ठरवणारी सगळ्यात मोठी गोष्ट एकच होती, ते आईच्या अंगावर पीत होतं की नव्हतं.

डबा फुकट होता आणि सरकारची नियत चांगली होती. तरीही ती लेकरं गेली. त्याच देशात त्याआधी झालेल्या 'माशी' नावाच्या अभ्यासात (त्सवाना भाषेत या शब्दाचा अर्थच दूध) सातव्या महिन्यापर्यंत डब्याच्या बाळांतले ९.३ टक्के दगावले होते आणि अंगावरच्या बाळांतले ४.९ टक्के. इशारा हातात होता. पुरानं तो खरा करून दाखवला.

आणि आपलं पुणं? त्याच काळात ससून रुग्णालयात एचआयव्ही असलेल्या मातांच्या बाळांचा अभ्यास झाला. २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वरच्या दुधावर वाढवलेल्या बाळांना अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा कितीतरी जास्त वेळा दवाखान्यात भरती करावं लागत होतं. आफ्रिकेच्या गोष्टी आफ्रिकेत राहू द्या, असं कुणी म्हणू नये म्हणून हे सांगितलं. आपल्या हंड्यातलं पाणी, आपल्या स्टोव्हमधलं रॉकेल आणि आपल्या महिनाअखेरीची रिकामी पाकिटं बोट्स्वानापेक्षा फार वेगळी नाहीत.

मग नेमका धोका कुठे होता? हे कोडं दक्षिण आफ्रिकेत, क्वाझुलू-नाताल प्रांतात सुटलं. डर्बनचे डॉक्टर हूसेन कूवाडिया, ॲना कुत्सूदिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं आयांच्या घरी जाऊन एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, काल बाळाच्या तोंडात काय काय गेलं? उत्तरातून जे निघालं त्यानं सगळी चर्चाच फिरवली. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळांत सहाव्या आठवड्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत लागण झाली ती सुमारे ४ टक्क्यांना, आणि तीही आईला आजच्यासारखी औषधं मिळत नसताना. पण अंगावरच्या दुधाच्या जोडीला घट्ट आहारही सुरू झालेल्या बाळांत हा धोका जवळजवळ अकरापट होता.

यामागचं कारण आपल्या आजीलाही पटेल असं आहे. तान्ह्याच्या आतड्याचं अस्तर ओल्या कागदासारखं नाजूक असतं. आईचं दूध त्यावर हात फिरवतं, त्याला मिटवून घट्ट करतं. त्यात लढणारी द्रव्यं असतात. घुटीतल्या उगाळलेल्या मुळ्या, मध, गुळाचं पाणी, ग्राइप वॉटर, पातळ केलेलं गाईचं दूध यांनी तेच अस्तर चिडतं, त्याला बारीक ओरखडे पडतात, त्यात जंतूही येतात. मग दुधातला विषाणू त्या ओरखड्यांतून आत जातो. आजीनं घुटी प्रेमानं उगाळलेली असते, यात मला तिळमात्र शंका नाही. म्हणून तर हे तिला तितक्याच प्रेमानं सांगायला हवं, की सहा महिने सहाण भिंतीला टेकवून ठेवा. पाणीसुद्धा नको, एप्रिल-मेच्या उन्हातही नको. दुधात पाणी असतंच. पहिल्या दिवसांतला पिवळसर घट्ट चीक पिळून टाकू नका, ती बाळाची पहिली लस आहे. आणि चुकून कुणी मध चाटवलाच, तर घाबरून दूध बंद करू नका. पुढचा मध थांबवा, दूध चालू ठेवा.

हे झालं औषधांआधीचं. औषधांनी खेळच बदलला, आणि या बदलात पुण्याचा वाटा आहे, हे मराठी माणसाला फारसं ठाऊक नाही. बाळाला जन्मल्यावर नेव्हिरापीनचा एकच डोस देण्याऐवजी सहा आठवडे रोज सिरप दिलं तर काय होतं, हे पाहणारा अभ्यास इथिओपिया, युगांडा आणि भारत या तीन देशांत झाला. भारतातलं केंद्र पुण्याचं बी. जे. मेडिकल कॉलेज. २००८ साली निष्कर्ष आले. सहाव्या आठवड्याला लागण ५.३ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आली होती. पुढे 'प्रॉमिस' नावाच्या मोठ्या अभ्यासात आफ्रिकेतल्या अनेक केंद्रांबरोबर पुन्हा पुण्याच्या माता सामील झाल्या. आईनं रोज औषध घेतलं किंवा बाळाला रोज औषध दिलं, तर अंगावरच्या दुधातून होणारी लागण सहा महिन्यांना ०.३ टक्के आणि वर्षाला ०.६ टक्के निघाली.

म्हणजे हजारांतली सहा बाळं. शंभरातल्या पाच-वीस बाळांपासून आपण इथवर आलो. हे पल्ले ओलांडणाऱ्यांत आपल्याच गल्ल्यांतल्या बाया होत्या. त्या सासवांच्या नजरा चुकवून ससूनच्या पायऱ्या चढल्या, मुठीत बाळाच्या सिरपची बाटली आणि काळजात धाकधूक घेऊन. त्यांची नावं कुठे छापली गेली नाहीत आणि जाऊही नयेत. पण त्यांनी जे शिकवलं, ते तरी आपण शिकूया.

जागतिक आरोग्य संघटनेनंही आपला सल्ला टप्प्याटप्प्यानं बदलला. २००० साली म्हटलं होतं, परवडणारं, सुरक्षित आणि कायम मिळणारं वरचं दूध असेल तर अंगावरचं पूर्ण टाळा. २०१० साली औषधांचा आधार घेऊन अंगावर पाजण्याला उघड पाठबळ दिलं. २०१६ साली स्पष्ट केलं की, औषधं घेणाऱ्या आईनं सहा महिने निव्वळ अंगावर पाजावं, मग वरच्या आहारासोबत किमान वर्षभर, आणि हवं तर इतर मातांसारखं दोन वर्षं किंवा त्याहून पुढेही पाजत राहावं. विज्ञान पुढे जातं ते असंच, चुका कबूल करत. खंत एकाच गोष्टीची वाटते. नवा सल्ला कागदावर पोचला, पण कुठल्या तरी वॉर्डातल्या खाटेशी अजूनही २००० सालची कुजबुज ऐकू येते, "पाजलंस तर मारशील त्याला."

असं बोलणारी सिस्टर असो, डॉक्टर असो की समजूतदार नातेवाईक, त्याला तिथल्या तिथे थांबवा. त्या एका वाक्यानं बाळ जुलाबाच्या तोंडी जातं आणि आई जन्मभर स्वतःला खुनी समजत राहते.

निवड आईची आहे, हे मी मनापासून मानतो. एखाद्या घरात स्वच्छ पाणी बारा महिने आहे, गॅस आहे, डब्याचा खर्च पेलतो आहे आणि कुणी प्रश्न विचारून तिचं जगणं अवघड करणार नाही, तर तिनं वरचं दूध निवडावं आणि आपण तिच्या पाठीशी उभं राहावं. मग मात्र अंगावर अजिबात नाही. वाटी-चमच्यानं पाजायचं, बाटलीनं नाही, कारण बाटलीचं बूच कधी धड स्वच्छ होत नाही. पण निवड तेव्हाच निवड होते, जेव्हा दोन्ही वाटा तिच्यासमोर खऱ्या-खऱ्या मांडलेल्या असतात. एका वाटेला मरणाचं नाव देऊन दुसरीकडे ढकलणं याला निवड म्हणत नाहीत. या गोंधळात भुकटीवाल्यांना शिरकाव करू देऊ नका. १९९२च्या आपल्या कायद्यानं बाळाच्या दुधाच्या भुकटीची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, नमुने फुकट वाटायला बंदी घातलेली आहे. प्रसूतिगृहात एखाद्या कंपनीचं भेटपाकीट दिसलं तर ते गुन्ह्याचं पाकीट आहे.

आता मुळाशी येतो. विषाणूपेक्षा चिवट असं काहीतरी या घरात आहे, आणि त्याचं नाव लाज.

१८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. त्या काळी फसवल्या गेलेल्या विधवा लाजेपायी स्वतःचं तान्हं स्वतःच्या हातानं संपवत. फुल्यांनी जाहीर फलक लावले की, इथं या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं हे तुमच्या मर्जीवर. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या फलकात निवड होती, गुप्तता होती आणि बाळाचा जीव होता. मारेकरी कोण, हे त्या दोघांनी अचूक ओळखलं होतं. मारेकरी आई नव्हती, तिच्याकडे बोट दाखवणारी आळी होती. आजच्या बाळंतिणीच्या खोलीतला डबा लुगड्यात का गुंडाळलेला आहे? त्याच आळीच्या भीतीनं. गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात का लपवावी लागते? त्याच भीतीनं. लपवलेली गोळी चुकते, चुकलेल्या गोळीनं रक्तातला विषाणू वाढतो, वाढलेला विषाणू दुधात उतरतो. लाजेपासून बाळाच्या रक्तापर्यंत अशी सरळ रेघ जाते.

आणि ही लाज तिच्याच वाट्याला का? आपल्याकडे असंख्य संसारांत हा आजार नवऱ्याकडून आला. पण गरोदरपणात तपासणी तिची होते म्हणून कागदावर नाव आधी तिचं येतं आणि मग "हिनंच आणलं" म्हणून घराबाहेर काढली जाते तीही तीच. पुरुषांनो, हे थांबवणं तुमच्या हातात आहे. बायकोच्या पहिल्या तपासणीला सोबत जा आणि स्वतःची तपासणी करून घ्या. घरात दोघांच्याही गोळ्या असतील तर एकाच वेळी, एकाच तांब्यातल्या पाण्यानं घ्या. आईला सांगायची वेळ आली तर तुम्ही सांगा. "दूध मीच तोडू नको म्हटलंय" हे वाक्य तुमच्या तोंडून एकदा निघालं, तर बारशाला आलेल्या पन्नास बायांचे प्रश्न बंद होतील.

कायदा तुमच्या-माझ्या बाजूनं आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करणं, स्थिती उघड करणं, उपचार नाकारणं, घरातून किंवा नोकरीवरून काढणं यावर त्यानं बंदी घातली आहे. केसपेपरवर लाल शाईनं खूण करणारा हात या कायद्याला बांधील आहे.

एक आई मात्र कायद्याच्याही नजरेतून निसटते, तिच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालन्याहून कोयत्याच्या जोड्या ट्रॅक्टरमध्ये बसतात आणि कोल्हापूर, सांगलीच्या, कर्नाटकच्या फडात जातात. उचल घेतलेली असते, मुकादमाला तोंड द्यायचं असतं. पहाटे चारला फडात, बाळ कोपीत किंवा बांधावरच्या झोळीत. अशी एखादी ऊसतोड आई एचआयव्हीसह जगत असेल, तर तिचं ए.आर.टी. केंद्र, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणारं केंद्र, तीनशे किलोमीटर मागे राहतं. गोळ्या संपतात. तिला डब्याचं दूध द्यायला सांगणारा माणूस तिच्या कोपीत एक दिवस राहून दाखवू दे. पाणी कालव्याचं, चूल पाचटाची. तिच्या बाळाचं एकमेव संरक्षण म्हणजे तिचं दूध आणि तिची गोळी. म्हणून हंगामाला निघण्याआधी तिला पुढच्या महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या पाहिजेत, जिथे जाईल तिथल्या केंद्राची चिठ्ठी मिळाली पाहिजे, आणि ती दर वेळी कारण न विचारता मिळाली पाहिजे. साखर कारखान्यांच्या आवारात आरोग्य शिबिरं होतात. तिथे रक्तदाबाबरोबर या गोष्टीचीही सोय व्हावी, ही मागणी कामगार संघटनांनी आपल्या यादीत वर घ्यावी.

काय करायला हवं, ते फार अवघड नाही. आईनं रोज एक गोळी, न चुकता, आयुष्यभर. बाळाला जन्मापासून नेव्हिरापीनचं सिरप सहा आठवडे, आणि आईचे उपचार उशिरा सुरू झाले असतील किंवा धोका जास्त असेल तर डॉक्टर सांगतील तसे बारा आठवडे. सहाव्या आठवड्याला बाळाच्या टाचेतलं रक्त कागदावर घेऊन तपासणी. पुढे सहा महिन्यांना, वर्षाला आणि अठराव्या महिन्याला शेवटची. स्तनाला भेग पडली, गाठ आली, ताप आला तर त्या बाजूचं दूध पिळून टाकायचं, दुसऱ्या बाजूनं पाजायचं, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दूध तोडायचं तेव्हा एका दिवसात नाही, हळूहळू, महिनाभरात. झांबियात लुसाका इथल्या अभ्यासानं दाखवून दिलं की, चौथ्या महिन्यात एकदम दूध तोडून बाळांचा काहीच फायदा झाला नाही.

हे सगळं फुकट आहे. पण फुकट असणं आणि वेळेवर मिळणं यांत अंतर असतं. आईच्या रक्तातला विषाणू किती, म्हणजे व्हायरल लोड किती, याचा अहवाल बाळंतपणाआधी हातात पडायला हवा. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी आला तर त्याचा उपयोग काय? बाळाच्या रक्ताचा कागद प्रयोगशाळेत पडून राहिला तर ते सहा आठवडे परत येत नाहीत. औषधाचा साठा संपला हे कारण ज्या दिवशी खिडकीवर ऐकू येईल, त्या दिवशी सरपंचांनी, जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी, पत्रकारांनी त्या खिडकीपाशी जाऊन उभं राहायला हवं. पाण्याच्या टँकरसाठी आपण मोर्चे काढतो. या गोळीसाठी आजवर एकही मोर्चा निघालेला मी पाहिला नाही.

आशाताई, अंगणवाडीताई, तुमच्याशी शेवटचं बोलतो, कारण त्या ओसरीपर्यंत पोचणाऱ्या तुम्हीच. तुम्हाला कुणाची स्थिती ठाऊक असायची गरजही नाही. गावातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या घरी, सासूबाई समोर बसलेल्या असताना, एकच गोष्ट सांगा. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध नाही, घुटी नाही, पाणी नाही. सगळ्या गावानं हे पाळलं, तर ज्या एका घरात ते जीवनमरणाचं आहे, त्या घराकडे कुणाचं लक्षही जाणार नाही. तिला वेगळं काही करावं लागणार नाही, वेगळं काही सांगावं लागणार नाही. आणि कुणाला आणखी विचारायचं असेल तर १०९७ हा क्रमांक फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही, तो प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर ठळक रंगवून घ्या.

पुढच्या ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवसाला तराजू आणि लसीच्या पेटीशेजारी एक सतरंजी अंथरा. सासवांना बोलवा, नवऱ्यांना ओढून आणा. सहा महिन्यांच्या बाळांचं उष्टावण तिथेच, सगळ्यांसमोर करा. त्या ओळीत कोणतं बाळ कुठल्या आईचं, हे कुणी विचारू नये. वाटीत मऊ वरण-भात असू द्या, आणि प्रत्येकीच्या मांडीवर गुटगुटीत लेकरू.